गोचिडापासून माणसाला होणारा रक्तस्रावी ताप

धार काढताना कासेजवळ गोचीड दिसला की आपण तो चिमटीत धरून ओढतो आणि नखाखाली चिरडतो. बारामती-इंदापूर भागातील गोठ्यांत ही सवय जुनी आहे. ती मोडावी यासाठी हा लेख आहे.

क्रायमियन काँगो रक्तस्रावी ताप हा विषाणूजन्य रोग असून तो मुख्यतः हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरतो. भारतात त्याचे निदान प्रथम जानेवारी २०११ मध्ये झाले. गुजरातमध्ये साणंद तालुक्यातील कोलाट गावची एक महिला दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही वाचले नाहीत. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेतील रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून आढळलेला माकडताप हाही गोचिडांमुळेच होतो, परंतु त्याचा विषाणू व गोचीड वेगळे, आणि तो जंगलाशी निगडित आहे. कोकणात मेंढ्या घेऊन उतरणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या भागात हा ताप आला आहे, असे मी म्हणत नाही. पण संकरित गाईंना थायलेरिया होतो तो हायलोमा गोचिडामुळेच. म्हणजे ज्या गोठ्यात थायलेरिया झाला, तेथे हा गोचीड आहे असे समजावे. याचे पाय लांब व पट्टेदार असतात, आणि तो जनावराकडे चपळाईने धावतो.

विषाणू गोचिडाच्या अंगात जन्मभर राहतो व अंड्यांतून पुढच्या पिढीतही जातो. बाधित गाय, शेळी किंवा मेंढी मात्र आजारी दिसत नाही. सुमारे आठवडाभर तिच्या रक्तात विषाणू असतो आणि ती नेहमीप्रमाणे चारा खात असते. त्यामुळे जनावर धडधाकट आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. माणसाला लागण होते ती गोचीड चावल्याने, चिरडलेल्या गोचिडाचे रक्त हाताच्या जखमेत गेल्याने किंवा जनावराच्या ताज्या रक्ताशी संबंध आल्याने. जत्रेत बोकड कापणाऱ्याने व वेत करविणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. नीट शिजवलेल्या मटणापासून भीती नाही. दूध उकळूनच प्यावे.

गोचीड काढताना हातमोजे घालून चिमट्याने कातडीलगत धरावा, सरळ ओढावा व डिझेलच्या बाटलीत टाकावा. नंतर हात साबणाने धुवावेत. जनावरांवर डेल्टामेथ्रीन १.२५ टक्के औषध १ लिटर पाण्यात २ मि.लि. या प्रमाणात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारावे. डोळे व तोंड वाचवावे. फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग कमी चाटते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी लागते, कारण अंडी गोठ्याच्या भेगांत असतात. केवळ जनावर धुऊन काम होत नाही. भिंती व गव्हाणीखालची जागाही फवारावी आणि भेगा सिमेंटने बुजवाव्यात. भेगा ज्योतयंत्राने जाळण्याची पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे उसाच्या पाचटाची गंजी गोठ्याला लागूनच असते, तेथे हा प्रयोग नको. उसाला आणलेले क्लोरपायरीफॉस गाईवर मारणारेही आहेत. पीक शिकविणारा माणूस म्हणून मी बजावतो, ते औषध पिकासाठीच आहे.

गोचीड चावल्यानंतर साधारण १ ते ३ दिवसांत, उशिरात उशिरा ९ दिवसांत, आणि रक्ताशी संबंध आल्यास १३ दिवसांपर्यंत ताप येऊ शकतो. तो एकाएकी चढतो. डोके, कंबर व अंग ठणकते, उलट्या होतात, डोळे लाल होतात. काही दिवसांनी अंगावर जांभळे डाग उठतात, नाकातून व हिरड्यांतून रक्त येते. सुरुवातीस हा डेंग्यूच वाटतो. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी "मी गोचीड काढले होते" किंवा "मी बोकड कापला होता" हे आपण होऊन सांगावे. निदानाची दिशा त्यावरून ठरते आणि दवाखान्यातील माणसेही सावध होतात. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळ्या परस्पर घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो.

या रोगावर सर्वमान्य लस नाही. रुग्णाला वेगळे ठेवून सलाईन, रक्त व रक्तघटक देणे हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. रिबाव्हिरिन हे औषधही वापरतात. मृत्यूचे प्रमाण १० ते ४० टक्के असल्याने घरी वाट पाहू नये. रुग्णाच्या रक्ताने माखलेले कपडे घरच्या बायकांनी उघड्या हातांनी धुऊ नयेत. ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून, हातमोजे घालूनच धुवावेत.