बर्फात गेलेलं इन्सुलिन

एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात आमचा फ्रीज बंद पडला. सोलापुरात दुपारी चाळीस अंश, रस्त्यावर शुकशुकाट, टाळेबंदी लागून पंधरा-वीस दिवस झालेले. आदल्या रात्री दिवे दोन-तीनदा भपकन मोठे होऊन मंद झाले होते. सकाळी फ्रीजचा आवाज येईना. नेहमीच्या मिस्त्रींना फोन केला, तर त्यांची गल्ली पत्रे लावून बंद केलेली. ते तिकडून बाहेर पडू शकत नव्हते आणि आम्ही त्यांना आणू शकत नव्हतो.

दूध तापवून ठेवलं, भाजी शिजवून संपवली. काळजी होती ती दाराच्या कप्प्यातल्या तीन बाटल्यांची. आई त्र्याहत्तर वर्षांची आणि बारा वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनवर. दुकानं बंद होतील या धास्तीने मी मार्चअखेरीस जास्तीच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या.

मी बँकेत नोकरीला, त्यामुळे रोज बाहेर जावं लागायचं. घरी आल्यावर आंघोळ, कपडे गरम पाण्यात, बाहेरच्या खोलीत झोपणं, आईशी चार हात लांबून बोलणं, हे सगळं मी काटेकोर पाळत होते. माझं सगळं लक्ष एकाच दाराकडे होतं, की करोनाचा आजार घरात येता कामा नये. आईच्या जिवावर बेतलं ते मात्र दुसऱ्याच दाराने आलं.

त्या बाटल्या मी शेजारच्या मावशींकडे दिल्या. दोघींच्या तोंडाला मास्क, मध्ये अर्धवट उघडं दार. पिशवी पुढे करून मी एवढंच म्हटलं, "मावशी, एवढं फ्रीजमध्ये ठेवा." त्यांनी मायेने, जास्तीत जास्त गार राहावं म्हणून, पिशवी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. त्यात त्यांची चूक नव्हती. "खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नको" हे सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

आठवड्याने घरातली बाटली संपली. मावशींकडून दुसरी आणली तेव्हा ती गोठून घट्ट झालेली होती. मी ती ताटलीत ठेवून वितळू दिली. आईचं इन्सुलिन मिश्र प्रकारचं, हलवल्यावर दुधासारखं एकसारखं पांढरं होणारं. या वेळी हलवूनही काचेला बारीक दाणे चिकटून राहिले. ते मला दिसले, तरीही मी सुई भरली. नवी बाटली आणायला बाहेर पडणं म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे आजार, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी आई दुपारी जेवता जेवता डुलकी घेऊ लागली. उन्हाळा आहे, थकली असेल असं वाटलं. रात्री पाणी प्यायला आणि लघवीला ती चार-चार वेळा उठत होती, हे मला बाहेरच्या खोलीत कळलंच नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण दिवसभर बँकेत राबून आलेल्या मुलीला कशाला उठवायचं. शेवटी तिची जीभ कोरडी पडून बोलणं जड झालं तेव्हा मी साखर तपासली. यंत्रावर ४६८ आला.

आमच्या डॉक्टरांनी फोन लगेच उचलला. टाळेबंदी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, फोनवरून आणि व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याचे सरकारी नियम निघाले होते. त्यामुळे त्यांनी आईला व्हिडिओवर पाहिलं, औषधाची चिठ्ठीही मोबाइलवरच पाठवली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाटली कुठे ठेवली होती?" मग ती उजेडासमोर धरायला लावली. दाणे पाहून म्हणाले, "फेकून द्या. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही." उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला किंवा हाक मारून ती नीट जागी होईना, तर क्षणभर न थांबता १०८ ला फोन करा, असं त्यांनी बजावलं.

रात्री साडेनऊला मी औषधासाठी बाहेर पडले. चौकातल्या पोलिसाला मोबाइलवरची चिठ्ठी दाखवली, त्याने जाऊ दिलं. पहिल्या दुकानात आमची बाटली नव्हती, पेनमध्ये घालायचं काडतूस होतं. मी तेच मागू लागले, तेव्हा काउंटरमागच्या माणसाने थांबवलं. आपल्याकडच्या साध्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि काडतुसात १००. लाल टोपणाची ४० ची सिरिंज वापरून काडतुसातलं औषध ओढलं तर डोस अडीचपट जातो. साखर खाली कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. त्या अनोळखी माणसाने दोन मिनिटं खर्च केली नसती तर एका चुकीवर मी दुसरी, तिच्याहून भयंकर चूक चढवली असती. बाटली तिसऱ्या दुकानात मिळाली. आईला माणसात यायला तीन दिवस लागले.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी एवढं मनात पक्कं करावं. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात नको आणि त्याला चिकटूनही नको. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या खाली राहिली तर साधारण चार आठवडे चालते, म्हणजे फ्रीज बंद पडला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. आमच्या घरात मात्र दुपारी ३६ अंश असायचे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मग मी न रंगवलेल्या मातीच्या कुंडीत वाळू भरली, तिच्या मधोमध संक्रांतीचं एक सुगड बसवलं, वाळू ओली केली आणि वर ओलं फडकं टाकलं. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सुगडात ठेवली. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. आत तापमापक ठेवून पाहिला तर भर दुपारी २७ अंश. फ्रीजची सर येत नाही, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ही सोय वेळ निभावून नेते. कोकणात, जिथे हवाच दमट, तिथे मात्र तिच्यावर विसंबू नये.

साखर वाढते तशी घसरतेही, आणि आजारपणात जेवण कमी झालं की जास्तच. दरदरून घाम, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणं दिसलं की तपासावं. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो कोणत्याही घरात घडू शकतो. मे महिन्यात माझ्या वहिनीने न्हाणीघर निर्जंतुक करायचं म्हणून ब्लिचिंगच्या पाण्यावर संडास धुण्याचं ॲसिड ओतलं. दोन्ही मिळून जास्त चांगलं साफ होईल, असं तिला वाटलं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. कोंदट जागा, बंद दार. ती खोकत, डोळे चोळत बाहेर आली आणि पुढचे दोन दिवस तिची छाती भरलेली होती. खोकला म्हणून सगळ्यांना आधी त्या आजाराचीच शंका आली, हा आणखी एक मनस्ताप. असं झालं तर आधी मोकळ्या हवेत यावं, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत, आणि धाप लागत असेल तर दवाखाना गाठावा. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गॅस पेटवू नये, हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

आता आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आईच्या सगळ्या औषधांची नावं, इन्सुलिनच्या नावापुढे ठळक "४०", डॉक्टर आणि दोन औषधदुकानांचे फोन, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६. तीच यादी मावशींच्या घरीही आहे आणि पुण्याला भावाच्या मोबाइलमध्येही. साखर तपासायच्या पट्ट्या संपायच्या तारखेसकट लिहिलेल्या आहेत. चष्म्याचा नंबरही आहे, कारण त्याच उन्हाळ्यात आईच्या चष्म्याची काडी मोडली आणि दुकानं उघडेपर्यंत तिला सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या.

कागद मी लिहिला आणि आईला वाचून दाखवला. तिने पेन मागून घेतलं आणि सगळ्यात खाली तिच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ घातली: रात्री पाण्याला दोनदा उठले तर मुलीला उठवणे.