रेल्वे फाटक आणि वाहनचालकाचे उत्तरदायित्व

यवतमाळ जिल्ह्याच्या कित्येक पिढ्यांना रेल्वे ठाऊक झाली ती मूर्तिजापूर-यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरील ‘शकुंतले’मुळे. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावणाऱ्या या गाडीचा वेग बेताचाच. ती दिसली तरी रूळ ओलांडण्यास अवधी मिळे. वणी परिसरातील कोळशाच्या मालगाड्यांसमोर, किंवा ज्याच्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले त्या वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज मार्गावर, हा हिशेब चालणार नाही. भरधाव गाडीस ब्रेक लावल्यावरही थांबण्यास बरेच अंतर लागते आणि तिला बाजूला वळविता येत नाही.

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथील मानवरहित फाटकावर वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीस रेल्वेगाडीची धडक बसली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. रूळ ओलांडण्याचा निर्णय एकट्या चालकाचा असतो, प्राण मात्र सर्वांचे पणास लागतात. मुळात ट्रॉली हे माणसे वाहण्याचे साधनच नव्हे.

कायद्याने यात संदिग्धता ठेवलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३१ प्रमाणे पहारा नसलेल्या फाटकाशी चालकाने वाहन थांबवावयाचे, वाहकाने अथवा क्लीनरने पायी पुढे जाऊन दोन्ही बाजूंस गाडी येत नसल्याची खात्री करावयाची व मगच वाहन पलीकडे न्यावयाचे. सोबत कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरावयाचे. अशा फाटकावर निष्काळजीपणे वाहन नेल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत संपुष्टात आली. आता प्रश्न उरतो तो बंद फाटकाखालून सायकल अथवा मोटारसायकल वाकवून नेणाऱ्यांचा, आणि “एवढी एक गाडी जाऊ द्या” म्हणून गेटमनशी हुज्जत घालणाऱ्यांचा. जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते, तेथे ते पूर्ण बंद झाल्याखेरीज रेल्वेस पुढे जाण्याचा सिग्नलच मिळत नाही. दोन मिनिटांच्या हुज्जतीपायी अख्खी गाडी खोळंबते. बंद फाटक उघडण्यास तीन, तर मोडण्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कलम १६० मध्ये आहे.

कापसाच्या हंगामात भरलेल्या गाड्या बाजाराकडे निघतात, तेव्हा घाई सर्वांनाच असते. रुळाजवळच्या गावांत ग्रामसभेने हा विषय त्यापूर्वीच घ्यावा आणि ट्रॅक्टरचालकांना आवर्जून बोलवावे.