मोटारसायकल डगमगते, ती कशामुळे? टायर व शॉकअप यांची तपासणी

खेड्यापाड्यांतून एके काळी बैलगाडीकडे असलेली अनेक कामे आज मोटारसायकलीकडे आली आहेत. पहाटे डेअरीवर दूध पोहोचविणे, वैरणीचा भारा आणणे, खताची गोणी वस्तीवर नेणे, ही कामे आता दोन चाकांवर होतात. परंतु बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की ती आवाजावरून कळते. मोटारसायकलीचा दोष मात्र थोडाथोडा वाढत जातो व चालविणाऱ्याच्या हातांना त्याची सवय होऊन जाते. मग एके दिवशी उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना, किंवा कालव्याच्या कडेने जाताना, गाडी हातात राहत नाही.

गाडी डगमगू लागली की ती गॅरेजमध्ये नेऊन "वॉबलिंग मारते" एवढेच सांगण्याची पद्धत आहे. एवढ्यावरून कोणत्याही कारागिराला दोष नेमका ओळखता येणे कठीण. मग आज कोन सेट, उद्या बुश, परवा टायर असे एकेक भाग बदलले जातात, पैसा खर्च होतो व दोष कित्येकदा तसाच राहतो. म्हणून प्रथम दोष केव्हा जाणवतो ते लक्षपूर्वक पाहावे. गाडी रिकामी असताना जाणवतो की ओझे असतानाच? हँडल हलते की मागील बाजू डुलते? ब्रेक लावताना, वळणावर, की वेग कमी होत असता? हे पाहण्यासाठी हँडलवरील हात सोडून गाडी कदापि चालवू नये.

स्थूलमानाने असे म्हणता येईल की, हँडल हातात थरथरत असेल तर दोष पुढील चाक, पुढील टायर किंवा कोन सेट यांत शोधावा. गाडी मागून माशासारखी डुलत असेल तर मागील हवा, चिमट्याचे बुश, शॉकअप व ओझे यांकडे पाहावे. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर चाके एका रेषेत नसतात, फोर्क वाकलेला असतो, अथवा ओझे एका अंगाला अधिक असते. हे नियम काटेकोर नाहीत. एकच दोष कधी दोन ठिकाणी लक्षणे दाखवितो. म्हणूनच तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरू करावी, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर तेवढ्याच ओझ्यानिशी गाडी हळू चालवून फरक पाहावा.

बिनखर्चाची पहिली गोष्ट म्हणजे हवा. टायर अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची सवय फार पसरलेली आहे. ती निरुपयोगी आहे. हवा मापकानेच मोजावी आणि टायर थंड असताना मोजावी. गाडी चालून टायर तापला की आतील दाब वाढतो. तेव्हा तो जास्त दिसला म्हणून हवा सोडल्यास थंड झाल्यावर ती कमी भरते. योग्य दाब गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत व बहुधा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर दिलेला असतो. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना पुढे सुमारे २५ पौंड, मागे एकट्यासाठी सुमारे २८ पौंड, तर दोघांसाठी त्याहून बराच अधिक, काहींना ४१ पौंडांपर्यंत, दाब सांगितलेला आहे. एकट्याच्या हवेवर दुधाचे कॅन नेणाऱ्याची गाडी मागून डुलू लागते ती येथेच. हवा कमी असलेला टायर रिमवर सरकतो व ट्यूबचा वॉल्व्ह तिरपा होतो. वॉल्व्ह सरळ उभा न राहता कललेला दिसला, तर ही गाडी बरेच दिवस कमी हवेवर चालली आहे असे समजावे. तसाच पुढे चालू ठेवल्यास वॉल्व्ह मुळाशी फाटून एकाएकी हवा जाते.

त्यानंतर टायरची झीज पाहावी. ती मागील कित्येक महिन्यांचा इतिहास सांगते. केवळ मधोमध झीज झाली असेल तर हवा जास्त ठेवली गेली असावी. मात्र नेहमी सरळ डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मागील टायरही मध्ये सपाट होतोच. असा सपाट टायर वळणावर प्रथम झुकत नाही व नंतर एकदम झुकतो. दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी होती. टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअप निकामी असल्याचा किंवा चाकाचा तोल बिघडल्याचा संशय घ्यावा. नक्षीच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलावयास झाला. नक्षी शिल्लक असूनही रबर टणक होऊन बाजूस बारीक भेगा पडलेला टायर पावसात तितकाच घातक असतो. टायरच्या बाजूवर चार अंकांचा ठसा असतो; पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातील टायर. विकत घेतानाही हा ठसा पाहावा.

यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे. रिमच्या अगदी जवळ एक काडी स्थिर धरल्यास रिम आऊट आहे की नाही ते लगेच दिसते. सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असल्यास रिम सरळ करून घ्यावी. तारांचे चाक असेल तर प्रत्येक तारेवर लहान पान्याने टिचकी मारावी. घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. मागचे चाक हाताने आडवे हलवून पाहावे. चाक हलते पण चिमटा स्थिर राहतो, तर बेअरिंग गेले आहे. चिमटाच चाकासह हलत असेल तर त्याचे बुश झिजले आहे. या दोहोंतील फरक न ओळखता बेअरिंग बदलून घेतल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

चेन ताणल्यानंतर गाडी एका बाजूला ओढू लागली, तर मागचे चाक तिरपे बसले आहे. चिमट्याच्या दोन्ही टोकांवर खुणा असतात. दोन्ही बाजूंची खूण सारखी आली पाहिजे. खुणांचा भरवसा नसेल तर वाफे आखताना वापरतात तशी दोरी मागील चाकाच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे नेऊन पाहावी.

कोन सेटसाठी मेन स्टँडवरील गाडी मागून सोबत्याने दाबून धरावी, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. फोर्कची खालची टोके पुढे-मागे ओढून पाहावीत. टकटक जाणवली तर कोन सेट सैल आहे. हँडल सावकाश डावीउजवीकडे वळविताना मध्यावर अडकल्यासारखे झाले तर आत खाचा पडल्या आहेत. असा सेट नुसता आवळून उपयोग होत नाही, तो बदलावाच लागतो. फाजील आवळलेला सेटही वाईट, कारण कमी वेगात हँडलला लागणारी बारीक दुरुस्ती हातांना करता येत नाही व गाडी नागमोडी चालते.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. गाडीवर भार देऊन ती दाबावी व सोडावी. वर येऊन एकदाच स्थिरावली तर ठीक; दोनतीनदा उसळत राहिली तर आतील तेलाचे काम संपले आहे. पुढील फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसल्यास ऑईल सील गेले आहे. डिस्क ब्रेकच्या गाडीत हे तेल डिस्कवर उतरून ब्रेक निकामी करू शकते, म्हणून ते लांबणीवर टाकू नये. मागील शॉकअपची स्प्रिंग कमी-अधिक कडक करण्याच्या खाचा दोन्ही बाजूंना सारख्याच ठेवाव्यात.

ओझ्याविषयी थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. दुधाचे वजन लिटरला १ किलोहून किंचित अधिक भरते. म्हणजे ४० लिटरच्या दोन भरल्या कॅनांत दूधच ८२ किलोंच्या घरात जाते, कॅनांचे वजन निराळे. १०० सीसीच्या गाड्यांची भारक्षमता चालकासह १३० किलोंच्या आसपास असते. चालक ६५ किलोंचा धरला तरी मर्यादा ओलांडली जाते. शिवाय हे सारे वजन मागील आसाच्या मागे टांगलेले असल्याने पुढचे चाक हलके होते व हँडल डुलू लागते. यावर उपाय म्हणून पुष्कळजण जादा स्प्रिंगा बसवून घेतात. त्यामुळे मागील बाजू बसत नाही हे खरे, पण गाडीची भारक्षमता वाढत नाही; उलट रिकामी गाडी मागून उंच होते, फोर्क अधिक उभा येतो आणि हँडल चंचल होते. कॅन शक्य तितके पुढे व खाली, दोन्ही अंगांना समान वजनाचे असावेत. अर्धवट भरलेले कॅन भरलेल्यापेक्षा अधिक त्रास देतात, कारण आतील दूध वळणावर हिंदकळते. दोन अर्धे कॅन नेण्यापेक्षा दोन लहान कॅन काठोकाठ भरून नेणे बरे.

चालत्या गाडीचे हँडल एकाएकी थरथरू लागले तर जोराने ब्रेक लावू नये. हँडल दोन्ही हातांनी धरावे, पण त्याच्याशी झुंजू नये. रेस सावकाश कमी करून वेग आपोआप उतरू द्यावा व मगच गाडी कडेला घ्यावी.

टायर बदलताना कंपनीने सांगितलेल्याच मापाचा घ्यावा; जाड टायर ओझे अधिक वाहील ही समजूत चुकीची असून तो अरुंद रिमवर नीट बसत नाही. टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे हे बसविणाऱ्याकडून पाहून घ्यावे व ट्यूबही त्याच वेळी नवी घालावी. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो. तो खरखरीत होईपर्यंत, म्हणजे पहिले दीडएकशे किलोमीटर, वळणे व ब्रेक सांभाळून घ्यावेत आणि तेवढे दिवस दुधाचा भार निम्मा ठेवावा.