नवे लायनर टाकले, तरी ब्रेक का लागत नाही?

सख्यांनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता गाडी चालवतात. बँक सखी, पशुसखी, कृषीसखी यांचं तर कामच गाडीवर. बाकीच्याही दूध घालायला, बाजाराला, मुलांना सोडायला घरातली मोटारसायकल नाहीतर स्कुटी काढतात. म्हणून बैठकीत हप्त्यांचा विषय झाला की हमखास निघणारी एक तक्रार इथे घेते: "नवा लायनर टाकी दिन्हा, तरी ब्रेक लागस नही ना ताई."

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "नवीन आहे, बसेल हळूहळू." हे उत्तर अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते आपल्याला कळायला हवं, कारण जीव आपला आहे आणि मागे बसलेल्या लेकराचाही.

मागच्या चाकाच्या मधोमध जो डबा दिसतो तो ड्रम. आत दोन अर्धगोल लायनर असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. जुना ड्रम वर्षानुवर्षं घासून थोडा वेडावाकडा झालेला असतो. नवा लायनर मात्र कारखान्यातून गोल आलेला. त्यामुळे सुरुवातीला तो सगळीकडे टेकत नाही, चार ठिकाणीच टेकतो, आणि पकड कमी पडते. जसजसा घासेल तसा तो ड्रमचा आकार घेतो. साधारण शंभर-दोनशे किलोमीटर तरी हे चालतं. या दिवसांत रिकाम्या सपाट रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगावरून हळुवार ब्रेक मारत जायचं, मध्ये गार होऊ द्यायचं. कन्नडच्या घाटात मात्र नव्या लायनरवर लगेच जाऊ नका. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की लायनर तापतो, त्याला काचेसारखी चमक येते आणि मग तो घसरतो. जावंच लागलं तर मोटारसायकल खालच्या गिअरमध्ये ठेवा. स्कुटीला ती सोय नाही, तिथे वेगच कमी ठेवायचा आणि दोन्ही ब्रेक सोडून-सोडून मारायचे.

आता उरलेलं अर्धं. ब्रेक बसत असेल तर तो रोज थोडा सुधारताना कळतो. आठवडाभर गाडी चालवूनही जसाच्या तसा असेल, किंवा पहिल्याच दिवशी दाबला तरी गाडी थांबायलाच तयार नसेल, तर तो "बसण्याचा" प्रश्न नाही. गाडी परत न्या.

माझ्या मते पहिला संशय तेलकटपणावर घ्यावा. चाक उघडलं की बरेचदा आतला भाग डिझेलने धुतात. दिसायला लख्ख, पण ड्रमला तेलाचा थर राहतो आणि तो लायनर पितो. आतल्या खिळीला ग्रीस जास्त लावलं किंवा बेअरिंगचं ग्रीस गळत असलं तरी तेच होतं. तेल प्यायलेला लायनर काचपेपरने घासून पुन्हा भरवशाचा होत नाही, बदलावाच लागतो. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू देऊ नका, ती फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसायची.

दुसरी जागा म्हणजे ड्रमच्या बाहेरचा छोटा दांडा, ज्याला ब्रेकची वायर किंवा सळई जोडलेली असते. तो दातऱ्यांवर बसतो. काढून परत लावताना एक दात इकडेतिकडे झाला की जोर वाया जातो. पान्याला काटकोनात जोर दिला की नट सुटतो, तिरका दिला की नुसता हात दुखतो, तसंच. ब्रेक पूर्ण दाबल्यावर वायर आणि दांडा यांत साधारण काटकोन दिसावा, त्याच्या पुढे जाऊ नये. बऱ्याच गाड्यांना तिथे बाणाची खूण असते. नवे लायनर असूनही ब्रेक दाबल्यावर बाण शेवटच्या खुणेजवळ जात असेल, तर दांडा चुकीचा बसलाय किंवा ड्रमच संपलाय. ड्रम किती झिजेपर्यंत चालतो, तो आकडा बहुतेक वेळा त्यावरच कोरलेला असतो. मिस्त्रीला मोजून दाखवायला सांगा, लाजू नका.

वायर जुनी, गंजलेली असेल तर नव्या लायनरचा काय उपयोग? लिव्हर दाबून सोडल्यावर टचकन परत यायला हवी. पायाचा ब्रेक दोन-तीन सेंटीमीटर खाली गेला की लागायला हवा. त्याहून जास्त ढिला नको, आणि इतका आवळलेलाही नको की चाक हाताने फिरत नाही. एक उपाय फुकटचा आहे: चाकाचा मुख्य नट शेवटी आवळताना कुणीतरी ब्रेक घट्ट दाबून धरावा. म्हणजे लायनर ड्रमच्या बरोबर मधोमध बसतात. मात्र ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आणि त्याची पिन जागेवर आहे का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय गॅरेजमधून निघू नका. ती सुटली तर ब्रेक मारताच चाक अडकू शकतं.

एप्रिल 2019 पासूनच्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो (एबीएस असलेल्या सोडून). अशा गाडीत मागचे लायनर बदलले की पुढच्या जोडणीचंही ॲडजस्टमेंट बघायला लावा. ते अनेकदा राहून जातं.

पुढे डिस्क असेल तर गोष्ट वेगळी. नवे पॅड टाकल्यावर लिव्हर स्पंजासारखी मऊ लागली तर आत हवा आहे, ती काढूनच घ्या. गाडी हलवण्याआधी उभ्यानेच लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. डिस्कला तेलकट हात लावू देऊ नका. चेन-स्प्रे मारतानाही जपा.

पार्ट घेताना पक्कं बिल मागा आणि जुने लायनर परत घ्या. बदलले की नाही ते तेवढ्यावरून कळतं.