नांगराचं एक तास

दिवाळीत आलीस तेव्हा तू ताटावरून तीनदा उठलीस. तिन्ही वेळा फोन तुझ्या मित्राचाच. तिसऱ्यांदा परत आलीस, अर्धा अनारसा बाजूला सारलास आणि म्हणालीस, "काही नाही गं आत्या, तो जरा काळजी करतो." तुझ्या आईसमोर मी गप्प बसले. पण काळजी करणाऱ्याचा फोन आला की माणूस सैलावतो. तू प्रत्येक वेळी आवळून जात होतीस. तेव्हापासून मनात आहे ते आज सांगते. पटलं तर घे, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून दे.

कराडजवळ तुझ्या आजोबांचं रान होतं. शेजारी भाऊबंदच. तो दरवर्षी नांगरट करताना आपल्या बांधाला नांगराचं एक तास घालायचा. एकच. वीतभर माती त्याच्या रानात जायची. आजोबांना दिसत नव्हतं असं नाही. पण एका तासानं काय होतंय, घरातलाच माणूस, उगाच तोंड वाईट कशाला, म्हणून ते गप्प. बैलगाडी जाईल एवढा रुंद बांध, आठ-नऊ वर्षांत एका माणसाची पायवाट उरली. शेवटी मोजणी मागवली. खुणा ठोकल्या गेल्या तेव्हा शेजारी म्हणतो कसा, "अण्णा, इतकी वर्षं तुम्ही कधी बोलला नाहीत!" तो लबाड होताच. पण त्याचं ते वाक्य खोटं नव्हतं, आणि आजोबांना तेच लागलं.

मलाही असंच कोरलं होतं, हे तुझ्या बापालाही माहीत नाही. 1981 साल. मी चोवीस वर्षांची, बँकेत लागून दोन वर्षं झालेली. तिथल्याच एकाशी जमलं. माणूस हुशार, बोलायला गोड. आधी म्हणाला, तू वेणी घालतेस तेव्हा जास्त छान दिसतेस. मग म्हणाला, डबा खाताना त्या दोघींबरोबर बसू नकोस, त्या टवाळ आहेत. मग पगाराच्या दिवशी विचारायला लागला, किती कापले, घरी किती दिलेस. यातल्या एकाही गोष्टीवर भांडावं असं काही नव्हतं. भांडले असते तर मीच हलक्या मनाची ठरले असते. मग एकदा पाडव्याला साडी घ्यायला दुकानात गेले. दुकानदार एकामागून एक घड्या मोडत होता आणि मला कुठली आवडते तेच कळेना. हिरवी हातात घेतली की वाटायचं, त्याला भडक वाटेल. पांढरी घेतली की वाटायचं, म्हणेल विधवेसारखी काय. अर्ध्या तासानं मी काहीही न घेता बाहेर आले आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसून राहिले. माझा स्वतःचा आवडता रंग कुठला, हे मला आठवत नव्हतं. बाळा, बांध गेल्याची खूण ही असते. रडू येणं, भांडण होणं या खुणा पुष्कळ उशिरा येतात.

आता आपल्याकडची एक खोड सांगते. पंगतीत पाहुणा ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणतो आणि वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. सगळे हसतात. नको म्हणजे आग्रह करा, असंच आपण लहानपणापासून शिकतो. मुलींना तर जास्तच. काकूंना पापा दे, नको काय म्हणतेस. त्यामुळे आपल्या तोंडातला "नको" पोकळ होतो, आणि समोरच्याच्या कानालाही तो पोकळच ऐकू येतो. तुझा नको आधी तुलाच खरा वाटला पाहिजे.

त्यासाठी अगदी बारक्या गोष्टीपासून सुरुवात कर. मडकं घेताना आपण टिचकी मारून वाजवतो, तसं. एखाद्या रविवारी त्याला सांग, "या रविवारी मी भेटणार नाही, मैत्रिणीकडे चालले आहे." एवढंच. मग बघ. पहिल्या क्षणाला त्याचा चेहरा पडेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. चेहरा तर माझे यजमान, तुझे मामा, आजही पाडतात, मी भिशीला निघाले की. बघायचं ते पुढचे दोन-तीन दिवस. तो विसरला, आपल्या कामाला लागला, सोमवारी "मजा आली का" विचारलं, तर मडकं पक्कं. दोन दिवस फोन उचलला नाही, मैत्रिणीला नावं ठेवली, "जा, तुला माझी गरजच नाही" असं म्हणून तुलाच माफी मागायला लावली, तर चीर आहे. भाजताना राहिलेली चीर आपण तेल लावून बुजवू शकत नाही.

आणि नाही म्हणताना कारणांची माळ लावू नकोस. हे मला काउंटरनं शिकवलं. कर्ज नामंजूर झालेल्या माणसाला मी सुरुवातीला पाच कारणं सांगायची. तो पाचही कारणं एकेक करून खोडायचा आणि सहाव्या मिनिटाला मीच साहेबांकडे त्याची रदबदली करायला जायची. पुढे शहाणी झाले. "नियमात बसत नाही हो," एवढंच म्हणायची, वर पाणी विचारायची. आवाज चढवायचा नाही, वाक्यही लांबवायचं नाही. "मला जमणार नाही," हे पूर्ण वाक्य आहे. त्याच्यापुढे "कारण" लावलंस की वाटाघाट सुरू.

मात्र रुसणं म्हणजे बांध घालणं नव्हे. तू रुसतेस, आठ तास मेसेज करत नाहीस, आणि त्यानं ओळखावं अशी वाट बघतेस. का ओळखावं त्यानं? काय खुपलं ते दिवसाउजेडी, पोट भरलेलं असताना, समोर बसून सांगायचं. रात्री अकराला फोनवर तर मुळीच नाही. आणि सांगताना त्यानं काय करावं यापेक्षा तू काय करशील ते सांग. "तू ओरडू नकोस" हे झालं सांगणं. "तू ओरडलास की मी फोन ठेवीन, उद्या सकाळी बोलू" हा झाला बांध. मग खरंच तो ओरडला की खरंच फोन ठेवायचा. हात थरथरेल, तरी ठेवायचा. खुणेचा दगड एकदा स्वतःच्या हातानं उपटलास की पुन्हा कुणी मानत नाही.

दुसरी बाजूही ऐक, कारण तू माझी भाची असलीस तरी मी आंधळी नाही. तूच हसत सांगितलंस की तो आंघोळीला गेला की तू त्याचा फोन चाळतेस. हे त्याच्या रानात शिरणं झालं. मर्यादेच्या नावाखाली त्यानं कुणाशी बोलावं, आईला महिन्याला किती पाठवावेत, हे तू ठरवायला लागलीस तर तुझ्यात आणि त्या शेजाऱ्यात काय फरक?

पैशाचं मात्र मी हक्कानं बोलणार, छत्तीस वर्षं तेच केलं. पगार तुझ्या एकटीच्या खात्यात. पिन कुणाला नाही, प्रेमाची परीक्षा म्हणून मागितला तर अजिबातच नाही. त्याला गाडी घ्यायची आहे आणि सही तुझी हवी आहे, असं झालं तर आधी हे ऐक. जामीनदाराची सही म्हणजे ओळख पटवणं नव्हे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसलं तर. म्हणजे त्यानं हप्ते थकवले की बँक थेट तुझ्या दारात. "तेव्हा आम्ही बरोबर होतो हो" म्हणत कितीतरी पोरी माझ्यासमोर रडल्या आहेत. मला वाईट वाटायचं आणि मी वसुलीची नोटीस त्यांच्या हातात द्यायची. भेट दे हवी तर, परत येणार नाही असं समजून. सही देऊ नकोस.

आपल्या पायावर उभं राहण्याबद्दल बोलताना लोक रखमाबाईंची गोष्ट सांगतात. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पुढे तिनं नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1887 साली कोर्टानं सांगितलं, जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेत तिनं वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली. सगळे तिचं धैर्य सांगतात. मला त्यातल्या दुसऱ्याच दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिच्या बाजूचे होते, म्हणजे नाही म्हणून परत जायला घर होतं. दुसरी, नाही म्हणून झाल्यावर करायचं काय, हे तिच्याकडे होतं.

तुझ्याकडेही होतं. पेटी शिकत होतीस, दर शनिवारी कॉलेजच्या मैत्रिणी भेटायच्या, बॅडमिंटनची रॅकेट माझ्याच पैशानं घेतलेली. कागद घे आणि तो यायच्या आधी तुझ्या खात्यावर काय काय जमा होतं ते लिही. त्यातलं किती उरलं ते समोर लिही. काही तू आपखुशीनं सोडलं असशील, तो तोटा नव्हे. तुझ्या मामांना सुकटीचा वास सोसत नाही, मी सोडली. त्यांनी तंबाखू सोडली. पण माहेरी आले की मी सुकट खाते, आणि ते काही विचारत नाहीत. सोडलेलं परत मागता येतंय का, एवढं तपासून बघ.

एक गोष्ट या सगळ्याच्या बाहेरची. त्यानं हात उचलला, फोटो टाकीन म्हणून धमकी दिली, तू नाही म्हटल्यावर ऑफिसखाली येऊन उभा राहू लागला, तर तिथे टिचकीबिचकी काही नाही. समजावत बसायचं नाही. मेसेज पुसायचे नाहीत, मला किंवा तुझ्या बापाला लगेच सांगायचं, 112 किंवा महिलांचा 181 फिरवायचा. नकार दिल्यावरही पाठलाग करणं हा गुन्हा आहे. आणि लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. "आता घरच्यांना काय तोंड दाखवू" म्हणून गप्प राहिलेल्या पोरी मी पाहिल्यात. आमच्या दारात तुला कुणी तोंड दाखवायला सांगणार नाही, आधी पाणी देईन.

तो तसा नसेलही. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त त्याच्या फोनची रिंग ऐकली आहे. होळीला त्याला घेऊन ये. मी पुरणपोळ्या करीन. तो दोन खाईल, मी तिसरी वाढायला येईन, तो ताटावर हात धरेल. माझी सवय जुनी आहे, मी बोटांच्या फटीतून तूप सोडायला जाईन. तेव्हा तू म्हण, "आत्या, तो नको म्हणाला ना." मी हात मागे घेईन, आणि तो तेव्हा तुझ्याकडे कसा बघतो ते मला बघायचंय.