खाज आणि वरून लावावयाची औषधे

गोंदिया-जबलपूर लोहमार्गावरील लामता व त्याच्या आसपासच्या गावांत धानाची रोवणी सुरू झाली म्हणजे माणसे दिवसचे दिवस बांधीच्या चिखलात उभी असतात. वैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यातील खाज इतकी अंगवळणी पडते की, घरातील एकच मलम सर्वांच्या कामी येते. खाज हा मात्र रोग नव्हे. ती रोगाची खूण होय. रोग निराळा तसे औषधही निराळे.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत व बेंबीभोवती बारीक पुरळ उठून रात्री खाज वाढत असेल, आणि घरातील दोघातिघांना ती एकदम सुटली असेल, तर बहुधा ती खरूज समजावी. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा किडीची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. बोनोमो व चेस्तोनी या इटालियन अभ्यासकांनी १६८७ मध्येच हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला होता. तरीही "रक्त बिघडले" हा समज अद्याप गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. ते योग्यच झाले, कारण खाजवून पडलेल्या जखमा चिघळल्यास मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते.

यावर ५ टक्के परमेथ्रिनचे मलम वापरतात. केवळ पुरळावर नव्हे, तर मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांसह, ते रात्री लावावे व ८ ते १४ तासांनी स्नान करावे. आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. पहिल्या लागणीत खाज सुटण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून खाज नसलेल्यांसह घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घेणे अगत्याचे आहे. कपडे व अंथरुणे गरम पाण्याने धुवावीत. तान्ह्या मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांस विचारावे. किडे मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहते. तेवढ्यावरून औषध पुनःपुन्हा चोपडू नये. कॅलामाइनने थंडावा मिळतो, किडे मरत नाहीत.

कडेला लाल व मध्ये निवळत जाणारे गोल चट्टे हा नायटा. पायांच्या बेचक्यांतील चिखल्याही पुष्कळदा त्याच जातीच्या बुरशीच्या असतात. पाय कोरडे ठेवून क्लोट्रिमॅझोलसारखे मलम लावावे व चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस चालू ठेवावे. येथे खरा धोका स्टिरॉइडमिश्रित मलमांचा. त्यांनी दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरते आणि कातडी पातळ होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन यांपैकी नाव आढळल्यास ती नळीच सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.