पहारेकरी जागा आहे का?

'फुकट आणि हलका अँटीव्हायरस सांग ना' असं विचारणारा होस्टेलमध्ये रोज एक तरी भेटतो. आणि 'नवीन व्हर्जन जड आहे, जुनं टाक' असं सांगणारे चार! मीही त्या चौघांतलाच होतो.

आमच्या डोंगरीच्या घरी (भाईंदरहून उत्तनला जाताना लागतं ते डोंगरी, मुंबईतलं नव्हे!) एक जुना पीसी आहे. विंडोज ७, रॅम १ जीबी. नवीन अँटीव्हायरस टाकला की क्लिक करून चहा पिऊन यावं, अशी गत. म्हणून एका सीनियरकडून जुन्या व्हर्जनचा सेटअप आणला. पीसी पळायला लागला, कोपऱ्यात हिरवी टिक आली, बाबा खूश!

सुट्टी संपवून मिनी प्रोजेक्टचा पेनड्राइव्ह घेऊन परतलो. ग्रुपमधल्या दोघांनी फाइल्स कॉपी केल्या आणि त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले. तिसऱ्याच्या अपडेटेड लॅपटॉपवर डिफेंडरने व्हायरस लगेच पकडला. सबमिशन दोन दिवसांवर! नशीब, मूळ फाइल्स फक्त हिडन झाल्या होत्या. घरी जाऊन पाहिलं, तर डेफिनिशनची तारीख सात वर्षांपूर्वीची.

अँटीव्हायरसचे दोन भाग असतात : तपासणारं इंजिन आणि व्हायरसच्या खुणांची यादी, म्हणजे डेफिनिशन. यादी जुनी असेल, तर वॉचमनच्या हातात जुन्याच चोरांचे फोटो. नवा चोर त्याला सलाम ठोकून आत जातो. इंजिन जुनं असेल, तर कधी कधी नवी यादी त्याला वाचताच येत नाही. क्लॅमएव्ही या मोफत अँटीव्हायरसचं असंच झालं. ०.९४ आणि त्याआधीच्या व्हर्जनना लांब खुणा पेलत नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांचीच अपडेट अडत होती. शेवटी १५ एप्रिल २०१० रोजी बनवणाऱ्यांनीच ती व्हर्जन्स बंद पाडली. पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९५ मध्ये क्विक हील आणलं, तेही एकदा लिहून संपलं नाही. नवी व्हर्जन्स काढावीच लागली.

मग जुन्या पीसीचं करायचं काय?

१. हिरवी टिक नको, डेफिनिशनची तारीख बघा.

२. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी टेस्ट फाइल वापरून बघा. पण ती पकडली म्हणजे अँटीव्हायरस चालू आहे इतकंच कळतं, यादी ताजी आहे असं नाही.

३. जुनं विंडोज ठेवायचंच असेल, तर नेट काढा आणि प्रत्येक पेनड्राइव्ह आधी अपडेटेड मशीनवर स्कॅन करा.

४. नाहीतर अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स टाका.

आम्ही चौथा उपाय केला. बाबा आता लिब्रेऑफिसमध्ये हिशेब लिहितात. पीसी तोच, वेगही बरा. फक्त त्या दोघांना मी अजून वडापावची पार्टी देणं लागतो!